उलटे घातलेले सेल

निवृत्त माणसाला घरात कोणी खरेखुरे प्रश्न विचारत नाही. "दूध आलं का?", "चष्मा पुन्हा कुठं ठेवलात?" आणि "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" हे तीन सोडले, तर गेल्या चौदा वर्षांत मला कोणी काही विचारल्याचं आठवत नाही. त्यातला तिसरा तर प्रश्नही नव्हे, तो निकाल आहे. त्यामुळं आपल्याला कोणीतरी एखादा भारदस्त प्रश्न विचारावा, आपण खुर्चीत जरा सावरून बसावं, घसा खाकरावा आणि "त्याचं असं आहे बरं का..." अशी सुरुवात करावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

ती गेल्या मे महिन्यात पुरी झाली. इच्छा पुरी होणं ही किती अवघड जागची गोष्ट असते, हे मला तेव्हा कळलं.

झालं असं, की नात सुट्टीला आली होती. वय वर्षं आठ. तिचं खरं नाव फार आधुनिक आहे. ते उच्चारताना माझी कवळी हलते, म्हणून मी तिला चिमणी म्हणतो. तिच्या रिमोटच्या महागड्या गाड्या आल्या आठवड्यातच बंद पडल्या होत्या. शेवटी नाक्यावरच्या दुकानातून मी एक साधीसुधी, दोन पेन्सिल सेलवर चालणारी प्लॅस्टिकची गाडी आणून दिली. बटण दाबलं की पुढं पळायचं, एवढीच तिची विद्या. चारपाच दिवसांत सेल संपले. नवे सेल घालायचं काम माझ्याकडं आलं. चष्मा नेहमीप्रमाणं हरवलेला होता. मी अंदाजानं सेल बसवले, बटण दाबलं आणि गाडी जी उलटी सुटली, ती थेट आमच्या हिच्या पायावर. ही गव्हलं निवडत बसली होती. ताट उडालं.

"आजोबा!" चिमणी आनंदानं ओरडली, "सेल उलटे घातले की गाडी उलटी पळते!"

"अर्थात!" मी म्हणालो. चुकीला प्रयोगाचं रूप देण्याची कला मी कचेरीत अडतीस वर्षं जोपासलेली आहे.

इथंच थांबलं असतं तर बरं होतं. पण मुलांची बुद्धी फार शिस्तीची असते. ती पुढच्या पायरीवर जातेच. हिचा मोबाइल भिंतीला चार्जिंगला लावलेला होता. दोन पायांचा प्लग. चिमणीनं तो माझ्याकडून काढून घेतला, उलटा करून पुन्हा लाववून घेतला आणि दहा मिनिटं मोबाइलसमोर मांडी घालून बसली. मग निराश होऊन म्हणाली,

"आजोबा, प्लग उलटा लावला, तरी मोबाइल भरतोच आहे. रिकामा का नाही होत?"

शाळेतलं मला एवढं एक वाक्य आठवत होतं. मी ते वापरलं. "कारण घरातल्या विजेत एसी असतो आणि सेलमध्ये डीसी असतो."

"एसी तर बेडरूममध्ये आहे."

"तो एसी निराळा. हा एसी म्हणजे दिशा बदलणारा प्रवाह. आत्ता इकडं, आत्ता तिकडं. त्याला उलटं काय नि सुलटं काय! आणि डीसी म्हणजे एकाच दिशेनं जाणारा."

"मग सेलमधनं एसी का नाही येत?"

आणि मी गप्प झालो. प्रश्न अवघड होता म्हणून नव्हे. तो माझा होता म्हणून.

साल १९६७. इयत्ता नववी. वर्गात आम्ही साठ मुलं आणि एक पंखा; तोही मुख्याध्यापकांच्या खोलीत. विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले : दिष्ट प्रवाह आणि प्रत्यावर्ती प्रवाह. खाली एकेक व्याख्या. खाली एकेक उदाहरण. दिष्ट : बॅटरी. प्रत्यावर्ती : घरातील वीज. पन्नासएक मुलांच्या घरात वीज नव्हतीच, पण उदाहरण लिहून घेतलं. मी हात वर केला. (त्या काळी मी हात वर करत असे.) "सर, बॅटरीतनं प्रत्यावर्ती का येत नाही?"

सरांनी डस्टर टेबलावर ठेवला. माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "फार शहाणा झालास. परीक्षेला येणार आहे का ते? बाकावर उभा राहा."

वर्ग हसला. तास संपेपर्यंत मी बाकावर उभा होतो. बाकावरून खिडकीबाहेरचा विजेचा खांब छान दिसायचा. त्यातून प्रत्यावर्ती प्रवाह चालला होता म्हणे. मला काही ये-जा दिसली नाही.

त्यानंतर मी विज्ञानाच्या तासाला प्रश्न विचारला नाही. पुढं कॉमर्सला गेलो, कारकून झालो. कचेरीत तर प्रश्न विचारायची सोयच नसते. तिथं 'पृच्छा' असतात आणि त्या तीन प्रतींत कराव्या लागतात. एकूण माझं काही वाईट झालं नाही. पण अठ्ठावन्न वर्षांनी तोच प्रश्न, तशाच टोपीखालच्या... चुकलो, तशाच दोन वेण्यांखालच्या डोक्यातून बाहेर आला, तेव्हा माझ्या ओठांवर काय आलं असेल? "मोठी झालीस की कळेल." अगदी जिभेच्या टोकावर. माझ्या हातात डस्टर नव्हता एवढाच फरक.

मी ते वाक्य गिळलं आणि आयुष्यात फार थोड्या वेळा उच्चारलेलं एक दुसरं वाक्य उच्चारलं. "मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही?" चिमणीनं असं विचारलं, की मी जणू दोन बोटं कमी असल्याचं सांगितलं होतं. "मग कोणाला माहीत आहे?"

हा प्रश्न मात्र आमच्या सोसायटीत सुटण्यासारखा होता.

पहिला फोन चिरंजीवांना. ते बंगळूरला इंजिनियर आहेत. म्हणाले, "बाबा, बॅटरी डीसीच असते. तिची व्याख्याच तशी आहे. मी मीटिंगमध्ये आहे." म्हणजे सरांचंच उत्तर, फक्त बाक नाही.

दुसरा आमचा वायरमन. तो गीझर बघायला आला होता. म्हणाला, "काका, सोपं आहे. बॅटरीला प्लस-मायनस असतं, लाइनला फेज-न्यूट्रल असतं. म्हणून."

"पण बॅटरीला प्लस-मायनसच का?"

"ते काका, कंपनीतनंच तसं येतं."

मी त्याला चहा दिला. माणूस खोटं बोलला नव्हता.

तिसरे अप्पा. अप्पा तिसऱ्या मजल्यावर राहतात. रेल्वेच्या विद्युत खात्यातून निवृत्त. एरवी मी त्यांना टाळतो, कारण त्यांना प्रश्न विचारला की ते उत्तर देतात. पण चिमणीनं माझं बोट धरून मला जिना चढवला.

अप्पांनी प्रश्न ऐकला. डोळे मिटले. म्हणाले, "तुम्ही डोंबिवली-व्हीटी किती वर्षं केलीत?"

"अडतीस."

"मग अडतीस वर्षं तुमच्या डोक्यावरून डीसी गेला. दीड हजार व्होल्ट! ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ती डीसीवर. पुढं मुंबईच्या सगळ्या लोकल डीसीवरच धावत. पश्चिम रेल्वेनं २०१२ साली बदल पुरा केला, आपल्या मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग २०१५ साली बदलला आणि हार्बर २०१६ साली. आता वर पंचवीस हजार व्होल्टचा एसी आहे."

मी थक्क झालो. अडतीस वर्षं मी त्या गाडीत पंख्याखालची जागा शोधली, पेपर वाचला, भांडलो, एकदा छत्री विसरलो. पण वरून कोणता प्रवाह चाललाय याची चौकशी केली नाही. आणि मी निवृत्त झाल्यावर तो बदलला. मला कळवलंसुद्धा नाही.

"मग तेव्हा गाडीला सेल होते?" चिमणीनं विचारलं.

अप्पा माझ्याकडं पाहून म्हणाले, "नात हुशार आहे हो तुमची. कोणावर गेली?" मग तिला म्हणाले, "नाही बाळा. वीज यायची एसीच. रुळांच्या कडेला ठिकठिकाणी सबस्टेशनं होती, तिथं ती सरळ करून तारेत सोडायचे. म्हणजे डीसी होता, पण बॅटरीतला नव्हे. तुझा प्रश्न आहे बॅटरीचा. घरात लिंबं आहेत?"

लिंबं होती. मे महिना, त्यामुळं ही ती मोजून आणते आणि मोजून कापते. त्यातली चार आम्ही तिच्या नकळत उचलली. अप्पांनी आपल्या ट्रंकेतून जस्ताचा मुलामा दिलेले खिळे काढले, तांब्याच्या जाड तारेचे तुकडे काढले आणि दिवाळीच्या मेलेल्या माळेतला एक चिमुकला लाल एलईडी दिवा काढला. निवृत्त इंजिनियरच्या ट्रंकेत काय नसतं? प्रत्येक लिंबात एक खिळा, एक तांब्याचा तुकडा. एका लिंबाचं तांबं दुसऱ्याच्या खिळ्याला, अशी चार लिंबांची आगगाडी. टोकाला दिवा. पडदे ओढले. काही नाही.

"बिघडला," मी म्हणालो.

"उलटा लावलाय," अप्पा म्हणाले. त्यांनी दिव्याचे पाय अदलाबदल केले. आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी, एक लाल ठिपका लागला. अगदी मिणमिणता. हात आडवा धरूनच पाहावा असा. पण लिंबावर लागलेला! चिमणी बोलेना. मीही बोलेना. पाय पुन्हा उलटे केले : अंधार. सुलटे केले : ठिपका.

"बघितलंस?" अप्पा म्हणाले. "हा दिवा वीज एकाच बाजूनं जाऊ देतो. लिंबाची वीज त्याच बाजूनं येते, कितीही वेळ बसलीस तरी. आता का ते ऐक. जस्ताला आपल्याजवळचे इलेक्ट्रॉन धरून ठेवायची फारशी हौस नसते. आंबट रस भेटला की ते विरघळायला लागतं आणि इलेक्ट्रॉन मागं सोडतं. तांब्याचं तसं नाही. तांबं स्वस्थ बसतं, पण त्याच्यापाशी आलेले इलेक्ट्रॉन रसातलं आम्ल उचलून घेतं. एकीकडं देणारा, दुसरीकडं घेणारा. इलेक्ट्रॉनना रसातून जाता येत नाही, म्हणून ते बाहेरच्या तारेनं जातात आणि जाता जाता दिवा लावतात. आपल्या साध्या सेलमध्येही देणारं जस्तच असतं. घेणारं मँगनीजचं काळं संयुग असतं."

मला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. म्हणजे हे लग्न आहे! जस्त म्हणजे वधूपक्ष. मँगनीज म्हणजे वरपक्ष. देणारे कोण आणि घेणारे कोण हे बोलणी होतानाच ठरलेलं. मांडवात मध्येच वरपक्ष उठून वधूपक्षाला आहेर करायला लागला, असं कधी कोणी पाहिलंय? वधूपक्ष देतो, देतो आणि देतो. आतून पोकळ होतो. आणि एक दिवस गळतो. आमच्या वडिलांच्या बॅटरीत (त्या काळी टॉर्चला बॅटरीच म्हणत) सेल वर्षभर विसरले की ते पाझरायचे, आतली स्प्रिंग गंजायची आणि वडील मला बोलायचे. तेव्हा मला वाटायचं, सेल सर्दीनं गळतो. अप्पांनी सांगितलं, की त्या सेलचा डबाच जस्ताचा असतो. तो देऊन देऊन झिजतो, त्याला भोकं पडतात आणि आतला माल बाहेर येतो. दोन मुलींची लग्नं केलेल्या आमच्या मामांची बंडी मला आठवली.

"म्हणजे दिशा बदलायची तर जस्तानं दिलेलं परत घ्यायला हवं," मी म्हणालो.

"बरोब्बर! आणि ते आपणहून होत नाही. पाणी टाकीतून खाली येतं, आपणहून वर चढतं का? चढवायचं तर पंप लावावा लागतो. बाहेरून जोर लावून इलेक्ट्रॉन उलटे ढकलायचे, त्यालाच चार्जिंग म्हणतात. साध्या सेलला ते सोसत नाही. मोटारीच्या, मोबाइलच्या बॅटरीला सोसतं. पण तिथंही चार्ज करताना एकच दिशा आणि वापरताना तिच्या उलट एकच. रसायनाला मध्येच मत बदलता येत नाही."

एवढ्यात ही आली. टेबलावर खिळे ठोकलेली चार लिंबं पाहून तिनं जे केलं, त्याला शांतता म्हणतात, पण वादळापूर्वीची. मग म्हणाली, "निदान सरबत तरी करते त्यांचं."

"नको वहिनी," अप्पा घाईनं म्हणाले, "त्यात जस्त उतरलंय."

अप्पांनी प्रसंग ओळखून विषय पुढं नेला. ते म्हणाले, हे काही नवं नाही; हीच गोष्ट व्होल्टा नावाच्या इटालियन गृहस्थांनी १८०० साली जगाला कळवली. जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले. जगातली पहिली बॅटरी. पुढं ती नेपोलियनला दाखवली आणि शाबासकी मिळवली. त्यानंतर तीसएक वर्षं जगात प्रवाह म्हटला की बॅटरीचा. एकाच दिशेचा. १८३१ साली फॅरेडेनं चुंबक हलवून वीज काढली आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पिक्सी नावाच्या कारागिरानं हातानं फिरवायचं यंत्र केलं. वेटोळ्यांपुढं चुंबक फिरायचा. एकदा उत्तर ध्रुव समोर, एकदा दक्षिण. साहजिकच प्रवाह एकदा असा, एकदा तसा.

"लोक खूश झाले असतील," मी म्हणालो.

"छे हो! वैतागले. हा काय प्रवाह म्हणायचा? धड इकडं नाही, धड तिकडं नाही! मग अँपिअरच्या सूचनेवरून त्या यंत्राला दिशा सरळ करणारी युक्ती बसवली. बॅटरीसारखा वागायला लागला, तेव्हा कुठं लोकांना बरं वाटलं. एसीचा मोठेपणा पुढं पन्नास वर्षांनी कळला. दाब कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर निव्वळ डीसीवर चालत नाही, त्याला बदलता प्रवाह लागतो. दाब वाढवला की लांबच्या लांब वीज नेताना वाटेत कमी वाया जाते. म्हणून घरोघरी एसी आला. आपल्याकडं तो सेकंदाला पन्नास फेऱ्या करतो. म्हणजे दिशा बदलतो शंभर वेळा."

"पण मग," ही मध्येच म्हणाली. आतापर्यंत ती लिंबांवर डोळा ठेवून ऐकत होती. "इकडं जाऊन लगेच तिकडं येतो, तर तो पोचतो कुठं? कामं कशी होतात त्याच्यानं?"

खरं सांगतो, हा प्रश्न मलाही पडला होता. पण विचारायचं धाडस झालं नव्हतं. अप्पासुद्धा क्षणभर अडखळले. ते तारा, कंपनं, ऊर्जा असं काहीतरी बोलायला लागले. ही ऐकत होती. मग एकदम म्हणाली,

"थांबा. रवीसारखं का? माझी आई खांबाला रवी लावून ताक घुसळायची. दोरीचं हे टोक ओढायचं, मग ते टोक ओढायचं. दोरी कुठंच जात नाही. तासभर घुसळा, तिथल्या तिथं. पण लोणी येतं."

अप्पा उठून उभे राहिले. "वहिनी," ते म्हणाले, "चौतीस वर्षं नोकरी केली, आयुष्यभर पोरांना शिकवलं, पण हे मला सुचलं नाही. दोरी कुठंच जात नाही, पण लोणी येतं! हाच एसी!"

हिनं पदर सारखा केला. लिंबांचा गुन्हा त्या क्षणी माफ झाला असं मला वाटलं. (नव्हता झाला. रात्री कळलं.)

"आणि माझा प्लग?" चिमणीनं आठवण करून दिली. मुलं फिर्याद मागं घेत नाहीत.

अप्पांनी तेही सांगितलं. मोबाइलमध्ये बॅटरी आहे, तिला डीसीच हवा. भिंतीतला एसी जसाच्या तसा तिच्यात सोडला, तर पहिल्या खेपेला भरलेलं दुसऱ्या खेपेला उपसलं जाईल आणि वर बॅटरीची वाट लागेल. म्हणून चार्जरच्या पोटात, त्या लाल दिव्याच्याच जातीची, वीज एकाच बाजूनं जाऊ देणारी फाटकं असतात. देवळात लोक उजव्या दारानं येवोत की डाव्या. रांग गाभाऱ्याकडंच जाते, तसं. प्लग उलटा लावा, सुलटा लावा, वीज आपली दोन्हीकडून आलटून पालटून येतच असते. आणि फाटकं तिला एकाच रांगेत लावतात.

चिमणीचं समाधान झालं. माझंही. अप्पा वर गेले. मी खुर्चीत सावरून बसलो आणि घसा खाकरला. पण मला कोणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी सातच्या सुमाराला वीज गेली. आमच्याकडं इन्व्हर्टर आहे. जुना. 'टक्' असा आवाज झाला, दिवे परत लागले आणि पंखा गुणगुणायला लागला. इन्व्हर्टरवर तो नेहमीच असा गुणगुणतो. मी समजत होतो, त्याला बरं वाटतं. चिमणी दोन मिनिटं पंख्याकडं बघत राहिली. मग कपाटाखालच्या बॅटरीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"आजोबा, अप्पा खोटं बोलले. बॅटरीतनं एसी आला."

मी पुन्हा जिना चढलो. अंधारात. बहात्तराव्या वर्षी. अप्पा मेणबत्तीशी बसले होते; त्यांच्याकडं इन्व्हर्टर नाही, कारण ते विजेच्या खात्यातले. त्यांनी ऐकलं आणि ते इतके हसले, की मेणबत्ती विझली.

"तिला सांगा, बॅटरी आत्ताही डीसीच देतेय. तिला दुसरं काही येतच नाही. ती पेटी आहे ना वर, तिचं नाव इन्व्हर्टर, म्हणजे उलटवणारा. तुमच्या नातीनं गाडीत सेल उलटे घातले..."

"मी घातले."

"तुम्ही घातलेत. गाडी उलटी पळाली. समजा तुम्ही सेल एकदा उलटे, एकदा सुलटे, असे सेकंदाला शंभर वेळा घालू शकलात, तर गाडीला काय मिळेल? एसी! ती पेटी तेच करते. सेल न हलवता, नुसत्या तारा बदलून. आत इलेक्ट्रॉनिक बटणं असतात. जुन्या पेट्या हे झटक्या-झटक्यानं करतात, म्हणून पंखा कुरकुरतो."

म्हणजे माझी ती चष्म्याअभावी झालेली चूक, फक्त जलद गतीनं केली की तिला यंत्र म्हणतात! मी जिना उतरलो तो काहीशा अभिमानानंच.

चिमणीला सांगितलं. तिनं पंख्याकडं पाहून मान डोलावली. वीज आली, पंख्याचं गुणगुणणं थांबलं, चिमणी झोपली.

मला मात्र झोप येईना. मी सरांचा विचार करत होतो. इतकी वर्षं मी मनातल्या मनात त्यांना कितीदा तरी बाकावर उभं केलं होतं. आज पहिल्यांदा वाटलं, त्यांना उत्तर माहीत नसेल. साठ मुलं समोर. हातात चार ओळींचं पुस्तक. गावात ना ग्रंथालय, ना एखादे अप्पा. "मला माहीत नाही" असं म्हणायची सोय त्या काळी मास्तरांना नव्हती. त्यांना माहीत नसलं तर वर्ग डोक्यावर बसेल, अशी त्यांची पक्की समजूत करून दिलेली होती. आमच्या शाळेत सगळं डीसीच होतं. सरांकडून आमच्याकडं. उलट दिशेनं काही गेलं, की ते फ्यूज उडवायचे. सकाळी "मोठी झालीस की कळेल" हे माझ्या ओठांवर आलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ते वाक्य किती आपोआप येतं. सरांना बिचाऱ्यांना ते गिळायला एक क्षण मिळाला नसेल. मला अठ्ठावन्न वर्षं मिळाली.

मी त्यांना बाकावरून खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसलो होतो. डोक्यावर पंखा फिरत होता. चिमणी दुधाचा पेला हातात धरून वर बघत होती. फार वेळ. मला त्या बघण्याची आता ओळख पटू लागली आहे.

"आजोबा," ती म्हणाली, "वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते ना?"

"हो."

"मग पंखा एकाच बाजूला कसा फिरतो?"

मी चष्मा काढला. पुसला. हिच्याकडं पाहिलं. ही शांतपणे उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजमधली उरलेली लिंबं साडीच्या घडीत लपवायला घेऊन गेली.

"मला माहीत नाही," मी म्हणालो, आणि चिमणीचं बोट धरून जिन्याकडं निघालो.